नेपाळला व्हिसा लागत नाही, मग विमानतळावर माणसं अडतात कशी?

मी टूर कंपनी चालवत नाही. पण बँकेतून निवृत्त झाल्यापासून आत्या, मावश्या, सोसायटीतली मंडळी आणि त्यांचे व्याही अशा मोटा बांधून पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, लुंबिनी करून आणलंय. प्रत्येक वेळी तेच प्रश्न येतात. रात्री साडेदहाला फोन येतो, "अहो, आधार चालेल ना?" म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय.

भारतीय माणसाला नेपाळसाठी व्हिसा खरंच लागत नाही?

नाही लागत. आधी काढायचा नाही, पोहोचल्यावर काढायचा नाही, फीही भरायची नाही. ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमात एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याच्या, व्यापार करण्याच्या आणि ये-जा करण्याच्या सवलती दिल्या आहेत. दोन्ही देशांमधली सुमारे १,७५० किलोमीटरची सीमाही उघडीच आहे. सीमेवरच्या गावांत बायका बाजारहाटाला पलीकडे जाऊन संध्याकाळी परत येतात.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण पुढचे निम्मे प्रश्न त्यातूनच सुटतात. व्हिसा माफ आहे तो भारताच्या *नागरिकाला*. भारतात राहणाऱ्याला नव्हे, मूळच्या भारतीयालाही नव्हे. त्यामुळे तुमच्याकडे व्हिसा मागत नाहीत, पण तुम्ही नागरिक आहात हे दाखवणारा कागद मागतात.

मग पासपोर्ट हवाच का?

हवाच असं नाही. भारतातून विमानाने नेपाळला जाताना आणि तिथून परत येताना दोन कागद बिनबोभाट चालतात: मुदतीतला पासपोर्ट, किंवा निवडणूक आयोगाने दिलेलं मतदार ओळखपत्र. दोन्हीपैकी एक पुरे.

पूर्वी विमानालाही एवढी विचारपूस नव्हती. २४ डिसेंबर १९९९ला काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या विमानाचं अपहरण होऊन ते कंदाहारला नेलं गेलं. त्यानंतर या मार्गावरची ओळखपत्राची शिस्त कडक झाली. ऐंशीच्या दशकात नेपाळला जाऊन आलेले काका "आम्ही तर नुसते गेलो होतो" असं सांगतात ते खोटं नाही, पण आता ते उपयोगाचं नाही.

आधार कार्ड चालतं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त घात करणारा प्रश्न.

विमानाने जाणार असाल आणि वय १५ ते ६५च्या दरम्यान असेल, तर एकट्या आधारवर भिस्त ठेवू नका. ते नियमात बसत नाही. लोकांना याचा राग येतो. "सरकारचंच कार्ड आहे, बोटांचे ठसे दिलेत, डोळे दिलेत, अजून काय द्यायचं?" राग समजतो, पण कारणही समजून घ्या. आधार म्हणजे तुम्ही कोण आणि कुठे राहता याची नोंद. भारतात ठरावीक काळ राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळतं. मतदार यादीत मात्र नागरिकाचंच नाव असतं. म्हणून सिमकार्डापासून गॅसच्या सबसिडीपर्यंत सगळीकडे चालणारं कार्ड इथे कमी पडतं आणि पाच वर्षांतून एकदा बाहेर निघणारं मतदार कार्ड कामाला येतं.

मग कुणीतरी आधारवर जाऊन आलं म्हणतं, ते कसं?

तीन शक्यता आहेत. ती व्यक्ती रस्त्याने गेली असेल. तिचं वय ६५च्या वर किंवा १५च्या आत असेल. किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पासपोर्टवर तिचं निभावलं असेल. तिन्हींबद्दल खाली लिहिलंय. "माझा मेहुणा गेला होता" हा पुरावा विमान कंपनीच्या काउंटरवर चालत नाही एवढं खरं.

आईबाबा सत्तरीचे आहेत. त्यांच्याकडे पासपोर्ट नाही.

त्यांचं काम सोपं आहे. ६५ वर्षांवरच्या आणि १५ वर्षांखालच्या भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार कार्डाची अट नाही. वय आणि ओळख दाखवणारा, फोटो असलेला कागद पुरतो. पॅन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, रेशन कार्ड यांच्या जोडीला २०१९च्या जानेवारीत केंद्रीय गृह मंत्रालयाने या दोन वयोगटांसाठी आधारही चालेल असं स्पष्ट केलं.

वय मोजताना चलाखी करू नका. "चौसष्ट पूर्ण, पासष्टावं चालू" हे आपल्याकडे पासष्टच समजतात, पण कागद पूर्ण झालेली वर्षं मोजतो. आणि आधारवर फक्त जन्मवर्ष छापलेलं असेल तर ते आधी अद्ययावत करून घ्या. जुन्या पिढीत शाळेतली जन्मतारीख आणि खरी जन्मतारीख वेगळी असणं नेहमीचंच. कार्डावर जी आहे तीच तुमची तारीख, घरी वाढदिवस कधीही साजरा होवो.

मुलगी सोळा वर्षांची आहे. तिला मतदार कार्ड मिळणार कुठून?

नाहीच मिळणार. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा प्राचार्यांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र चालतं. गळ्यात अडकवायचं शाळेचं ओळखपत्र म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. अकरावी-बारावीच्या मुलांचे पालक इथे हमखास फसतात, कारण मे महिन्यात सहल ठरते आणि कॉलेजचं ऑफिस सुट्टीवर असतं. एप्रिलमध्येच कागद घेऊन ठेवा. मला विचाराल तर या वयाच्या मुलांचा पासपोर्टच काढून टाका, पुढे कुठेतरी लागणारच आहे.

आम्ही चौघं एकत्र जातोय, पासपोर्ट एकाचाच आहे. चालेल?

नियम म्हणतो, चालेल. कुटुंब एकत्र प्रवास करत असेल आणि त्यातल्या एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना तेच कागद सक्तीचे नाहीत. मात्र प्रत्येकाकडे फोटो असलेली काही ओळख हवी आणि नातं दाखवणारा पुरावा हवा. रेशन कार्ड, केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं कार्ड वगैरे.

पण माझं मत स्पष्ट सांगतो. ही सवलत अडीअडचणीला आहे, बेत आखायला नाही. चेक-इनला बसलेल्या पोराला हा नियम ठाऊक असेलच याची खात्री नसते आणि पहाटे साडेचारला त्याच्याशी वाद घालून विमान थांबत नाही. शिवाय "कुटुंब" म्हणजे नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि आईवडील. चुलत नणंद आणि तिची भिशीतली मैत्रीण त्यात बसत नाही.

मतदार कार्डावर माझं माहेरचं नाव आहे, तिकिटावर सासरचं.

महाराष्ट्रातल्या बायकांचा हा खास प्रश्न. लग्नानंतर नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळंच बदलतं आणि मतदार कार्ड माहेरच्या पत्त्यावर तसंच राहतं. उपाय एकच: जो कागद दाखवणार त्यावरचं नाव तिकिटावर जसंच्या तसं टाका. कार्डावर माहेरचं नाव असेल तर तिकीट माहेरच्या नावाने काढा. घरी कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

वेळ हाताशी असेल तर निवडणूक आयोगाचा फॉर्म ८ भरून नाव, फोटो, पत्ता दुरुस्त करून घ्या. ऑनलाइन होतं, पण आठवड्यात होईल या भरवशावर राहू नका. जुन्या कृष्णधवल कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा यांत वीस वर्षांचं अंतर असेल तर तेव्हाच नवीन कार्डही मागून घ्या. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स नको. मूळ कार्ड न्या.

पासपोर्टची मुदत दोनच महिने उरलीय.

नेपाळसाठी तो मुदतीत असला की पुरे. सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी हा नियम व्हिसा घेणाऱ्या परदेशी लोकांसाठी आहे. तरी मतदार कार्ड असेल तर तेही जवळ ठेवा, काउंटरवर कुणी हटून बसलं तर ते पुढे करता येतं. पासपोर्टची मुदत संपलीच असेल तर मात्र तो घरी कपाटात ठेवा. संपलेला पासपोर्ट म्हणजे नुसती वही.

रस्त्याने गेलो तर?

रस्त्याने जाणं अगदीच मोकळं आहे. आपल्याकडून बहुतेक मंडळी मुंबई-गोरखपूर रेल्वेने जातात. गोरखपूरहून सुनौली सुमारे शंभर किलोमीटर. अलीकडे सुनौली, कमान ओलांडली की पलीकडे बेलहिया, आणि तिथून भैरहवा. बॅग ओढत चालत जायचं. सशस्त्र सीमा बलाचे जवान अधूनमधून ओळखपत्र बघतात, सामान उघडायला लावतात. भारतीय माणसाच्या पासपोर्टवर शिक्के मारायची रांग इथे नसते. रक्सौल-वीरगंज, रुपईडीहा-नेपाळगंज, जोगबनी-विराटनगर, बनबसा-महेंद्रनगर, पानीटंकी-काकडभिट्टा या बाकीच्या मोठ्या वाटा. बिहारमधल्या जयनगरहून जनकपूरला २०२२च्या एप्रिलपासून पुन्हा रेल्वे धावते. सीतामाईचं माहेर बघायचं तर ही गाडी मजेशीर आहे, पण ओळखपत्र तिथेही लागतं.

नागपूर, अमरावती, अकोल्याकडून बोधगया, कुशीनगर, लुंबिनी अशी धम्मयात्रा करणाऱ्या बस सुनौलीवरूनच जातात. लुंबिनी भैरहवापासून जेमतेम २५ किलोमीटर आहे, म्हणजे नेपाळमध्ये शिरल्यावर तासाभरात तुम्ही मायादेवी मंदिरासमोर. रस्त्याने जाताना आधार दाखवून माणसं रोज पार होतात. तरीही मतदार कार्ड न्या. का ते पुढच्या उत्तरात.

जाताना रस्त्याने गेलो, येताना विमानाने आलो तर?

आमच्या दुसऱ्या फेरीत हेच झालं. एक काका, वय ५८, आधारवर सुनौलीतून आरामात आत आले. पोखरात गुडघा धरला. परतीचा बस आणि रेल्वेचा प्रवास झेपणार नाही म्हणून काठमांडूहून विमानाचं तिकीट काढलं. चेक-इनला विचारलं, पासपोर्ट? नाही. मतदार कार्ड? घरी, गोदरेजच्या कपाटात. झालं. तिकिटाचे पैसे गेले आणि काकांना टॅक्सीने परत सीमेपर्यंत आणावं लागलं. मागच्या सीटवर पाय लांब करून ते आठ-नऊ तास गप्प बसून होते.

चूक माझी होती. मीच म्हटलं होतं, "रस्त्याने काय, आधार चालतं." तेव्हापासून माझा दंडक असा: जाणार कसेही असा, कागद विमानाचा हवा. आजारपण, दरड, बंद, काहीही झालं की परतीचा रस्ता बदलतो.

काका दूतावासात गेले असते तर?

गेले असते तर काही सोय झाली असती. भारतीय दूतावास काठमांडूत लैनचौर भागात आहे आणि वीरगंजला वाणिज्य दूतावास आहे. कागद हरवले, चोरीला गेले, तर दूतावास भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. त्याला पोलिसांतली तक्रार, फोटो आणि नागरिकत्व दाखवणारं जे काही असेल ते लागतं. म्हणून सगळ्या कागदांचे फोटो घरच्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये ठेवून निघा. शनिवारी तिथल्या कचेऱ्या बंद असतात. घाईच्या वेळी ही एक गोष्ट विसरली की आख्खा दिवस जातो.

मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे. त्याला व्हिसा लागेल?

लागेल. इथे भलेभले चुकतात. ओसीआय म्हणजे भारतात ये-जा करायची आयुष्यभराची सवलत. नागरिकत्व नव्हे. मुलाच्या हातात अमेरिकेचा पासपोर्ट असेल तर नेपाळच्या लेखी तो अमेरिकन. त्याला पोहोचल्यावर त्रिभुवन विमानतळावरच व्हिसा मिळतो: १५ दिवसांचे ३० डॉलर, ३० दिवसांचे ५० डॉलर, ९० दिवसांचे १२५ डॉलर. आधी ऑनलाइन अर्ज भरून ठेवला तर रांग लवकर सरकते. त्याच्या पासपोर्टची मात्र सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी.

ग्रीन कार्ड असेल पण पासपोर्ट भारताचाच असेल, तर तो आपल्यासारखाच, व्हिसा नाही.

मी हे दृश्य पाहिलंय: आजी-आजोबा मतदार कार्ड दाखवून दहा मिनिटांत बाहेर, आणि त्यांची ठाण्यात जन्मलेली लेक, जावई, नातवंडं डॉलर मोजत व्हिसाच्या रांगेत. आजी काचेपलीकडून विचारत होत्या, "अगं, तुला कशाला थांबवलंय? सांग की त्यांना तू आमची आहेस."

दुबईहून थेट काठमांडूला येणाऱ्या भारतीयाला?

व्हिसा नाही, पण पासपोर्ट हवाच. मतदार कार्डाची सवलत भारत-नेपाळ प्रवासापुरती आहे. उलट दिशेने, म्हणजे काठमांडूहून तिसऱ्या देशात जायचं असेल, तर पासपोर्टबरोबर भारतीय दूतावासाचं ना-हरकत पत्रही मागितलं जाऊ शकतं. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून काठमांडूमार्गे बँकॉक असा बेत आखण्याआधी दूतावासाकडे चौकशी करा.

कैलास-मानसरोवर नेपाळमार्गे करायचंय. तेही व्हिसाशिवाय?

अजिबात नाही. तिबेट चीनच्या ताब्यात आहे. नेपाळपर्यंत व्हिसा नाही, पुढे चीनचा व्हिसा आणि तिबेटचे परवाने लागतात, आणि त्यासाठी पासपोर्ट लागतोच. या यात्रेत मतदार कार्डाचा काही उपयोग नाही.

किती दिवस राहता येतं?

भारतीय पर्यटकाला दिवसांचं बंधन नाही. परदेशी लोकांना पर्यटक व्हिसावर वर्षात १५० दिवसांची कमाल मर्यादा आहे, ती आपल्याला लागू नाही. आमच्यापैकी कुणी बारा दिवसांच्या वर टिकलेलं नाही. दहाव्या दिवशी भाकरीची आठवण येते.

व्हिसा नाही म्हणजे कुठेही फिरता येतं?

देशात शिरण्याची परवानगी वेगळी, राखीव भागात फिरण्याची वेगळी. मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतं, त्याची प्रवेश फी भरावी लागते: सार्क, म्हणजे भारतासह दक्षिण आशियातल्या देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपये, इतर परदेशी लोकांना ३,०००. इथेही पुन्हा नागरिकत्व आलं. लेकीला ३,०००, आजीला १,०००. मुक्तिनाथच्याही वर, लो मान्थांगकडे म्हणजे वरच्या मुस्तांगमध्ये जायचं तर वेगळा आणि बराच महागडा परवाना लागतो. ट्रेकिंगला जाणाऱ्यांसाठी २०२३च्या एप्रिलपासून गाइडचा नियम आला आहे, तो बघून जा.

देशांतर्गत विमानाचेही तीन दर असतात: नेपाळी, भारतीय आणि बाकी परदेशी. भारतीय दराने तिकीट काढलं की भारतीय असल्याचा कागद बोर्डिंगला दाखवावा लागतो. परदेशी पासपोर्टवाल्या मुलाचं तिकीट "आपल्याबरोबर" म्हणून भारतीय दरात काढू नका.

विषय निघालाच आहे तर: पोखरा सुमारे ८२० मीटरवर, मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. मुक्तिनाथच्या अलीकडच्या जोमसोमचं विमान पकडून एका सकाळीत एवढं चढायचं म्हणजे डोकं धरणं, मळमळणं आलंच. जोमसोमला किंवा मार्फाला एक मुक्काम करा. मुक्तिनाथच्या १०८ धारांखाली पळायचा हट्ट सत्तरीच्या माणसाने धरू नये असं मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी पळतंच.

स्वतःची गाडी न्यायची आहे.

माणसाला परवाना नाही, गाडीला आहे. सीमेवर भन्सार कार्यालय असतं, भन्सार म्हणजे तिथलं जकात खातं. गाडीचे जितके दिवस सांगाल तितक्या दिवसांचे पैसे भरून पावती घ्यायची, शिवाय वाहतुकीचा परवाना. गाडीची मूळ कागदपत्रं, लायसन्स आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र ठेवा. दिवस जरा जास्तच सांगा, कारण पावतीपेक्षा एक दिवस उशीर झाला की दंड. सीमेवर "साहेब, तुमचं परमिट बनवून देतो" म्हणत माणसांच्या परवान्याचे पैसे मागणारे भेटतील. असा परवाना नसतोच. पुढे चालू लागा.

पैसे कसे न्यायचे? पाचशेच्या नोटा चालतात का?

शंभराच्या न्या. मोठी गड्डी होते, पण मनस्ताप वाचतो. २०१८च्या डिसेंबरात नेपाळ सरकारने आपल्या २००, ५०० आणि २,०००च्या नोटा वापरायला बंदी घातली. पुढे नियम सैल करण्याच्या घोषणा झाल्या, तरी दुकानदाराचा हात मोठ्या नोटेसाठी पटकन पुढे येत नाही. शंभराच्या वरच्या नोटा भारतातून नेण्यावर आपल्याकडूनही २५,००० रुपयांची मर्यादा आहे.

दर लक्षात ठेवायला सोपा, १९९३पासून तोच: आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. भाव विचारताना एक सवय लावून घ्या. "आयसी की एनसी?" असं विचारायचं. आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. हजार एनसी म्हणजे आपले ६२५. "फक्त हजार रुपये" ऐकून आमच्या वहिनींनी पश्मिना शालीचे आपले हजार मोजून दिले होते. दुकानदार भला, त्याने पैसे परत केले. सगळे तसे नसतात.

२०२४च्या मार्चपासून फोनपे नावाच्या नेपाळी कंपनीच्या क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालायला लागलंय. नाव सारखं असलं तरी ही कंपनी आपल्या फोनपेपेक्षा वेगळी. काठमांडू-पोखराच्या दुकानांत चालतं. डोंगरात रोखच.

तिकडे गडबड झाली तर?

होते कधी कधी. २०२५च्या सप्टेंबरात तरुणांच्या आंदोलनात काठमांडू पेटलं, सरकार पडलं, त्रिभुवन विमानतळही बंद झाला आणि आपले अनेक प्रवासी अडकले. अशा वेळी दूतावासाचे मदत क्रमांक जाहीर होतात, ते जाण्याआधीच कागदावर लिहून घ्या. मोबाइलची बॅटरी संपली की क्रमांकही संपतो. आणि पुन्हा तेच, विमानाला चालेल असा कागद जवळ असेल तर रस्ता की विमान हे निवडणं तुमच्या हातात राहतं.

भूतानलाही असंच का?

थोडं तसं, थोडं वेगळं. व्हिसा नाही, पण प्रवेश परवाना घ्यावा लागतो आणि भारतीय प्रौढाला दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. पासपोर्ट किंवा मतदार कार्ड तिथेही. आधारने भागत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी काय तपासू?

पिशवी उघडा, मतदार कार्ड किंवा पासपोर्ट हातात घ्या, तिकीट शेजारी ठेवा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवा. मग घड्याळ. नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. साडेनऊ वाजले म्हणून तुम्ही निवांत चहा मागवाल, आणि पावणेदहाची जोमसोमची गाडी हलवणाऱ्या ड्रायव्हरच्या घड्याळात तेव्हा पावणेदहाच वाजलेले असतील.